हात बसणे

मराठीतल्या 'बसणे' या क्रियापदाने मला अलीकडे बराच त्रास दिला आहे. हात बसला असे आपण म्हणतो तेव्हा ते कौतुक असते. तबलजीचा हात बसतो, सुताराचा बसतो, भाकरी थापणाऱ्या बाईचाही बसतो. गळा बसला असे म्हणतो तेव्हा मात्र काहीतरी बिघडलेले असते. दोन्हींच्या मागे पुष्कळदा कारण एकच असते: तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे. मग कोणत्या पुनरावृत्तीने हात बसतो आणि कोणत्या पुनरावृत्तीने गळा? भाषेची अध्यापक म्हणून हा प्रश्न मला फार पूर्वी पडायला हवा होता. तो पडला एका सॅक्सोफोनच्या निमित्ताने, आणि पडण्याआधी माझ्या हातून एक चूक होऊन गेली होती. ती चूक नीट मांडून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

मी दौंडला राहते आणि शिरूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. पाटस, चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरा असा रोजचा एस.टी.चा रस्ता. चार वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. घरचा बँड. आजोबा क्लॅरोनेट वाजवत, वडील ट्रम्पेट वाजवतात, हा ऑल्टो सॅक्सोफोन. लग्नसराईत वर्गात दिसायचा नाही आणि दिसलाच तर मागच्या बाकावर झोपलेला असायचा. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मी एकदा हार्मोनियमला बसले होते. तेवढ्या आधारावर त्याने मला संगीतातली जाणकार ठरवले आणि एके दिवशी व्हरांड्यात गाठून विचारले, "मॅडम, जॅझ वाजवायचं तर रोज किती वाजवायला लागतं? आणि काय वाजवायचं?"

आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन ऐकता ऐकता तो मोबाइलवर एकातून दुसरे असे करत चार्ली पार्करपर्यंत पोहोचला होता. पार्कर काय वाजवतो ते त्याला कळत नव्हते. पण आपल्याच हातातल्या वाद्यातून असेही काही निघते, या गोष्टीने त्याची झोप उडाली होती. जॅझबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती. तसे सांगून मोकळे व्हायला हवे होते. पण अध्यापकाला 'मला माहीत नाही' हे तीन शब्द फार जड जातात. मी म्हटले, "बघून सांगते."

बघितले, आणि मला गोष्टी सापडल्या. साहित्याच्या माणसाला गोष्ट सापडली की उत्तर सापडल्यासारखे वाटते. पार्करने १९५४ साली पॉल डेझमंडशी झालेल्या मुलाखतीत सांगितले होते की तीन-चार वर्षे आपण दिवसाला अकरा ते पंधरा तास वाजवत होतो आणि शेजारी इतके वैतागले होते की आईला घर सोडायला सांगण्यापर्यंत गोष्ट गेली होती. सनी रॉलिन्स १९५९ साली, नाव झालेले असताना, मैफली सोडून बसला आणि सुमारे दोन वर्षे न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवत राहिला. घरात वाजवले तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून पूल. खाली नदी, शेजारून धडधडत जाणारी रेल्वे, आणि हा आपला वाजवतोय. या गोष्टींना मी आपल्याकडच्या गोष्टी जोडल्या: चाळीस दिवसांचा चिल्ला, पहाटेचा खर्ज, वाराणसीच्या बालाजी मंदिरात वर्षानुवर्षे सनई घोटणारे बिस्मिल्ला खाँ. या सगळ्याचे सार म्हणून त्या मुलाला मी सांगितले, "निदान आठ तास. आणि खंड पडता कामा नये."

त्याने ते ऐकले. आपले कुणी इतके तंतोतंत ऐकते याची अध्यापकाला सवय नसते.

दिवाळीची सुट्टी होती. त्याच्याही शेजाऱ्यांची तक्रार होती, म्हणून तो सकाळी घोडनदीच्या पात्राकडे जायचा आणि पुलाच्या अलीकडे बसून वाजवायचा. रॉलिन्सची गोष्ट मीच त्याला सांगितली होती. काय वाजवायचे याबद्दल मी काही बोलले नव्हते, तेव्हा येत होते तेच तो वाजवत राहिला: लग्नातली गाणी, पार्करच्या चार तुकड्यांची अंदाजाने केलेली नक्कल, आणि जमेल तितके जलद. बारा-तेरा दिवसांत खालचा ओठ आतून दातांवर घासून फाटला. तरी त्याने थांबवले नाही. खंड पडता कामा नये असे मॅडम म्हणाल्या होत्या. तुळशीचे लग्न झाले, तिथी सुरू झाल्या, आणि पहिल्याच वरातीत त्याला माऊथपीस तोंडात धरवेना. ऐन वेळी दुसऱ्या पार्टीतला वादक आणावा लागला. त्याचे पैसे द्यावे लागलेच, शिवाय ठरलेल्या सुपारीतूनही काही कापले गेले. लग्नसराईवर वर्ष काढणाऱ्या घरात ही गोष्ट लहान नसते.

मी त्यांच्या घरी गेले ती माफी मागायच्या तयारीने. आजोबांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि रागावण्याऐवजी मला समजावून सांगितले. "बाई, सुपारीचं वाजवायचं आन् आपलं वाजवायचं, दोन्हीला व्हट एकच असतो. तो पुरवून वापरायचा." मग त्यांनी नातवाला विचारले, "ते जे काय तू वाजवतो, ते गाऊन दाखव." त्याने प्रयत्न केला. पहिले दोन सूर बरे आले, पुढे सगळी घाई आणि गोंधळ. आजोबा म्हणाले, "गळ्यात न्हाई, ते बोटात कुठनं येणार?"

या एका वाक्याने मला माझे स्वतःचे गाणे आठवले.

दौंडच्या रेल्वे वसाहतीत मी लहानाची मोठी झाले. वडील रेल्वेत होते. आमच्या पलीकडे एक ख्रिस्ती काका राहत, ते नाताळच्या आसपास सॅक्सोफोन काढून अंगणात वाजवत. ते वाद्य मी प्रथम पाहिले ते तिथे. पण मला घातले होते गाण्याच्या क्लासला, आणि क्लास म्हणजे परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. मध्यमेपर्यंत मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होत गेले. प्रत्येक रागाचा आरोह, अवरोह, पकड, एक छोटा ख्याल आणि वहीत लिहून दिलेल्या आठ ताना. रोज एक तास मी त्या ताना म्हणायची. ज्या येत होत्या त्याच म्हणायची, कारण त्या म्हणताना छान वाटायचे. पंधरा-वीस राग 'झाले', पण त्यांतला एकही राग मला वहीशिवाय दहा मिनिटे गाता आला नसता. पुढे एम.ए., नेट, नोकरी, लग्न या क्रमात तानपुरा गवसणीत गेला. वेळ मिळाला नाही असे मी वर्षानुवर्षे सांगत आले. पण त्या दिवशी शिरूरच्या त्या घरात बसल्याबसल्या लक्षात आले की अडचण 'किती'ची नव्हतीच. रोजचा एक तास मी पाठ केलेले जपण्यात घालवला होता. जे कानाला ऐकू येते पण गळ्याला येत नाही, त्याच्या वाटेला मी कधी गेलेच नाही. मी जो करत होते तो रियाज नव्हता, ती उजळणी होती.

शब्दांकडे पुन्हा वळावे लागते. रियाज हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला, आणि मूळच्या 'रियाज़त'मध्ये तपश्चर्येचा, देह कष्टवण्याचा अर्थ आहे. माझ्या आठ तासांच्या फर्मानामागे हाच अर्थ काम करत होता. आपल्याजवळचा जुना शब्द 'अभ्यास'. पतंजलीने योगसूत्रांत अभ्यास पक्का होण्याच्या ज्या अटी घातल्या आहेत त्यांत दीर्घकाळ आणि अखंडपणा या दोन अटी आहेत. त्या मला ठाऊक होत्या. तिसरी अट सत्काराची, म्हणजे आदराची आहे, तिच्याकडे मी कधी पाहिले नव्हते. आपण जे करतो त्याच्याविषयीचा आदर आणि ज्या देहाने करतो त्याच्याविषयीचाही आदर, असा अर्थ मी आता तिच्यातून घेते. फाटलेल्या ओठाने वाजवत राहणे दीर्घ आणि अखंड असेल, पण त्यात सत्कार नाही.

शिवाय 'रियाज' हा शब्द कुणाच्या वाट्याला आला, हाही प्रश्न आहे. त्या आजोबांनी बोलण्यात तो एकदाही वापरला नाही. ते 'हात बसवणं' म्हणत होते. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत लावणीची मेहनत चालते तिला 'तालीम' म्हणतात. मैफलीतला कलावंत करतो तो रियाज, त्याच्याभोवती आख्यायिका आणि आत्मचरित्रे. बँडवाला करतो तो धंदा, त्याच्याभोवती वरातीची धूळ. ज्या समाजांनी गावोगाव सनई-सूर आणि हलगी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्या शिक्षणाची पद्धत आपण कधी लिहून ठेवली नाही. आजोबांचे 'आधी गाऊन दाखव' हे सूत्र मला पुढे जॅझच्या शिक्षकांकडेही भेटले, तेव्हा मी चकित झाले. चकित व्हायचे खरे तर काही कारण नव्हते. जॅझ वाढला तोही मिरवणुकींत, नाचघरांत आणि दुसऱ्यांच्या समारंभांत वाजवून पोट भरणाऱ्या माणसांच्या हातून.

त्यानंतर मी गोष्टी पुन्हा वाचल्या, आणि या वेळी तासांचे आकडे बाजूला ठेवून. पार्कर अकरा तास काय वाजवत होता? १९३६ मध्ये कॅन्सस सिटीत एका बैठकीत तो वाजवताना वाट चुकला, तेव्हा ड्रमवादक जो जोन्सने झांज त्याच्या पायाशी फेकली, ही गोष्ट सगळे सांगतात. तिच्या पुढचा भाग कमी सांगितला जातो. पुढल्या उन्हाळ्यात तो ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडबरोबर कामाला गेला, आणि तिथे लेस्टर यंगची वादने तबकडीवरून ऐकून सुरासुराने उतरवून घेतली. म्हणजे आधी ऐकणे, मग दुसऱ्याचे संपूर्ण वाक्य आपल्या श्वासात बसवणे, आणि नंतर आपले बोलणे. रॉलिन्स पुलावर गेला तो नवशिका म्हणून नव्हे. लोक आपली स्तुती करतात त्या मानाने आपण वाजवत नाही, हे त्याचे त्यालाच ऐकू येत होते.

तासांच्या हिशेबाचे आधुनिक शास्त्रही असेच अर्धवट आपल्यापर्यंत आले आहे. अँडर्स एरिकसन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माल्कम ग्लॅडवेलच्या २००८ मधल्या पुस्तकाने त्यातून 'दहा हजार तास' असा नियम लोकप्रिय केला. एरिकसनला तो नियम मान्य नव्हता. दहा हजार ही एका गटाची सरासरी होती, उंबरठा नव्हे. त्याचा भर होता तो सराव कसला यावर: जमत नाही तेच निवडून, पूर्ण लक्ष देऊन, चूक लगेच ऐकून दुरुस्त करत केलेला सराव. आणि अशा सरावाची मर्यादाही त्याने दाखवली. ते उत्तम वादक दिवसाला साधारण चार तासांच्या आसपास थांबत, मध्ये विश्रांती घेत, दुपारी झोपत. आपल्यापर्यंत आकडा आला, झोप आली नाही.

राहिला प्रश्न 'काय' याचा. इथे आम्हा दोघांनाही विद्यार्थी व्हावे लागले. ऑल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा. त्यावर 'सी' वाजवला की कानावर पडते ती हार्मोनियमची काळी दोन. टेनरवर तोच 'सी' वाजवला तर काळी पाच. आपल्याकडे गायक एकदा आपली पट्टी ठरवतो आणि जन्मभर तिच्यात राहतो. षड्ज अचल असतो आणि सगळे जग त्याच्याभोवती फिरते. जॅझमध्ये षड्जच चालू लागतो. साथीचे कॉर्ड बदलतात तसा सुरांचा अर्थ बदलतो. आत्ता जो पंचम होता तोच पुढच्या क्षणी गंधार होऊन बसतो. जॉन कोल्ट्रेनच्या १९५९ साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'जायंट स्टेप्स'मध्ये आधारस्वर तीन ठिकाणी आणि इतक्या वेगाने फिरतो की माझ्यासारखीला चक्कर यावी. म्हणून जॅझवादकाला प्रत्येक तुकडा बाराही पट्ट्यांत वाजवावा लागतो. मूर्च्छनेची कल्पना ज्याला माहीत आहे त्याला हे अगदी परके वाटणार नाही. मात्र आपण मूर्च्छना परीक्षेत लिहितो; त्या लोकांना ती रात्री वाजवावी लागते.

ही विद्या इथल्या मातीत कधी उतरलीच नाही असेही नाही. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चसंलग्न शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचून गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून शिकून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत, आणि तेच दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. ब्राझ गोन्साल्विससारख्या गोव्याच्या सॅक्सोफोनवादकाने रागांचे सूर जॅझमध्ये आणून पाहिले. कद्री गोपालनाथांचे उदाहरण तर त्या मुलाला स्वतःच्या घरातले वाटले. वडील नागस्वर वाजवणारे, मुलाने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन पाहिला आणि त्यावर कर्नाटक संगीत आणायचे ठरवले. कळांच्या वाद्यावर गमक निघेना, तेव्हा वाद्यात फेरफार करून घेतले आणि वर्षानुवर्षे कष्ट केले. २०१९ मध्ये ते वारले तेव्हा सॅक्सोफोन हे कर्नाटक संगीतातले वाद्य झालेले होते.

आजोबांच्या सल्ल्याने आम्ही चातुर्मासाची वाट पाहिली. चातुर्मासात लग्ने नसतात. गणपती आणि नवरात्र सोडले तर वाजंत्र्याचा ओठ त्या चार महिन्यांत त्याचा स्वतःचा असतो. त्यासाठी आम्ही एक वेळापत्रक केले. सगळे मिळून अडीच तास. पहिली वीस मिनिटे नुसते लांब सूर. मंद सुरू करून मोठे करत न्यायचे आणि पुन्हा विझवायचे, आमचा खर्ज तसा त्याचा हा. पुढची वीस मिनिटे एकाच पट्टीचे आरोह-अवरोह, मेट्रोनोमवर, इतके सावकाश की कंटाळा यावा. मग वाद्य खाली ठेवायचे आणि ओठाला विश्रांती. विश्रांतीत ऐकायचे: लेस्टर यंगच्या एखाद्या वादनातली चारच मापे. ती गाता येईपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही. गाता आली की वाजवायची, आणि आठवडाभर तीच चार मापे एकेका पट्टीत फिरवायची. शेवटची पंधरा मिनिटे मनाला येईल ते, चुकले तरी न थांबता. ओठ दुखला की तिथेच बंद.

पहिल्या महिन्यात तो फार निराश झाला. आठ तास वाजवून जे समाधान मिळायचे ते अडीच तासांत मिळत नव्हते. "मॅडम, काहीच वाजवल्यासारखं वाटत नाही," म्हणायचा. मला ते वाक्य ओळखीचे वाटले. एम.ए.च्या मुलांना मी जेव्हा तासभर एकच कविता वाचायला लावते, तेव्हा 'सिलॅबस पुढे जात नाही' म्हणून त्यांचे चेहरे असेच होतात. मार्गदर्शकांतून पाठ केलेली दहा उत्तरे आणि पुन्हा पुन्हा वाचून थोडीशी कळलेली एक कविता यांत मोठे काय, हे मी वर्गात ठामपणे सांगत आले आहे. मग एका मुलाने मनापासून विचारले तेव्हा मी त्याला आकडा का दिला? आकडा सांगायला सोपा असतो, हे एक. शिवाय आकडा दिला की पुढची जबाबदारी ऐकणाऱ्यावर जाते. 'काय' सांगायचे तर त्याच्या शेजारी बसून ऐकावे लागते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, तो मोठा जॅझवादक झाला का, असे वाचकांना वाटेल. तसे काही झालेले नाही. तो बी.ए. झाला, घरच्या बँडमध्येच आहे, आणि डीजेने निम्म्या सुपाऱ्या नेल्याने दिवसा एका दुकानात काम करतो. शिरूरला त्याच्याबरोबर जॅझ वाजवणारे कोणी नाही. आणि हे संगीत एकट्याने वाजवून पुरे होत नाही, ही त्याची अडचण मला सोडवता आलेली नाही. गेल्या वैशाखात त्यांच्या गल्लीतल्याच एका वरातीत मी होते. दोन गाण्यांच्या मध्ये नवरदेवाची गाडी अडली, ड्रमवाला नुसता ठेका धरून राहिला, आणि त्या मोकळ्या जागेत याने आठ मापे स्वतःची वाजवली. नाचणाऱ्यांच्या ते लक्षातही आले नाही. ओट्यावर बसलेल्या आजोबांनी मात्र मान वर केली. पुढे गाणे सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मी कौतुक करणार तोच म्हणाला, "मॅडम, सहाव्या मापात मी ऐकलं एक आणि वाजलं दुसरंच." मग ते मला फोनवर गाऊन दाखवले: जे वाजले ते, आणि जे वाजायला हवे होते ते. दोन्हींतला फरक एका सुराचा होता. मला तो दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळला.

मी गवसणीतून तानपुरा काढलेला नाही. त्याच्या तारा गंजल्या असतील. मोबाइलवरचा तानपुरा लावते, आणि पहाटेची बस पकडायच्या आधी वीस मिनिटे नुसता खर्ज लावून बसते. ताना म्हणत नाही. काही दिवस सूर लागतो, बरेच दिवस लागत नाही, आणि लागत नाही हे आता ऐकू येते.